वाल्देमार हाफकिन : पहिली सुई स्वतःला टोचून घेणारा शास्त्रज्ञ



दहावीच्या वर्गात जैवतंत्रज्ञान शिकवताना इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन, पुनःसंयोजित प्रथिनं असे शब्द येतात. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. बुलडाण्यातल्या एखाद्या खेड्यातल्या मुलाला हे सगळं फार लांबचं वाटतं. कुठली तरी परदेशी प्रयोगशाळा, तिथली काचेची चिमुकली बाटली, आपला काय संबंध? म्हणून आज प्रथिनापासून सुरुवात न करता माणसापासून करू. हा माणूस जन्मला रशियात, शिकला पॅरिसमध्ये, पण त्याचं सगळ्यात मोठं काम झालं आपल्या मुंबईत. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. सर्पदंशावरची लस, पोलिओचे डोस यांच्याबरोबर ते कानावर येतं. पण हा हाफकिन कोण, असं विचारलं तर बहुतेक मुलं गप्प बसतात. कधी कधी आपणही.

बालपण आणि शिक्षण

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ओडेसा रशियन साम्राज्यात होतं, आज ते युक्रेनमध्ये आहे. आई लहानपणीच गेली. घरची परिस्थिती बेताची होती. मुलगा मात्र हुशार निघाला आणि १८७९ मध्ये ओडेसाच्या विद्यापीठात विज्ञान शिकायला लागला.

तिथे त्याला एक शिक्षक भेटले आणि आयुष्याला वळण लागलं. त्यांचं नाव इल्या मेचनिकॉफ. आपल्या शरीरात काही पेशी अशा आहेत की त्या बाहेरून आलेल्या जंतूंना चक्क गिळून टाकतात, हे या मेचनिकॉफ यांनी दाखवलं. पुढे १९०८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. शरीर रोगाशी कसं लढतं, हा प्रश्न हाफकिन यांच्या मनात बसला तो या गुरूंमुळेच.

पण काळ वाईट होता. १८८१ मध्ये झारचा खून झाला आणि ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. तरुण हाफकिन आपल्या लोकांचं रक्षण करायला उभा राहिला, त्यात जखमी झाला, पकडला गेला. मेचनिकॉफ यांनी मध्ये पडून त्याला सोडवलं. शिक्षण संपल्यावर वेगळीच अडचण आली. विद्यापीठात प्राध्यापकाची जागा हवी असेल तर ज्यू धर्म सोडावा लागेल, अशी परिस्थिती होती. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही, जागा सोडली. काही वर्षं ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केलं आणि १८८८ मध्ये देशच सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस.

पॅरिसला लुई पाश्चर यांची प्रसिद्ध संस्था होती. मेचनिकॉफही तिथेच होते. पण शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, रिकामी होती ती ग्रंथालयातल्या सहायकाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसभर पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं. नोकरी मनासारखी नाही म्हणून खट्टू होणाऱ्या मोठ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

पटकीवरची लस

त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, जगभर थैमान घालत होती. आपल्याकडे जत्रा भरली, पाणी नासलं की पटकी आलीच. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंवर काम सुरू केलं. गिनीपिग या छोट्या प्राण्याच्या पोटातून जंतू एकापाठोपाठ एक ३९ वेळा पुढे नेऊन त्यांनी जंतूंची ताकद वाढवली. दुसरीकडे उष्णता आणि हवा यांच्या साहाय्याने त्याच जंतूंची ताकद कमी केली. आधी दुबळ्या जंतूंची सुई आणि काही दिवसांनी ताकदवान जंतूंची सुई, अशी पद्धत ठरली.

प्राण्यांवर ते जमलं. पण माणसावर? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण ते ठणठणीत बरे झाले. मग काही मित्रांनीही ती घेतली.

युरोपात अनेकांनी शंका काढल्या. रशियानेही फारसा उत्साह दाखवला नाही. तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिशांचे राजदूत होते लॉर्ड डफरीन, आपल्याकडचे जुने व्हाइसरॉय. त्यांनी भारतात जाण्याचा मार्ग मोकळा करून दिला. १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

इथेही सगळं सोपं नव्हतं. गोरा माणूस येतो, सुई टोचतो, ताप येतो. लोक का विश्वास ठेवतील? १८९४ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान या झोपडपट्टीत पटकीने माणसं मेली. हाफकिन भारतीय डॉक्टरांना बरोबर घेऊन तिथे गेले. वस्तीतल्या सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर जे आजारी पडले ते लस न घेतलेल्यांपैकीच होते. भाषणापेक्षा या एका वस्तीने जास्त काम केलं. मग ते गावोगाव फिरले, आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांपर्यंत गेले. दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना लस दिली. त्यात त्यांना हिवतापाने गाठलं आणि १८९५ मध्ये विश्रांतीसाठी परत जावं लागलं.

मुंबईत प्लेग आला

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी एक रोगी तपासला आणि ओळखलं, हा प्लेग आहे. जांघेत, काखेत गाठ, जबर ताप आणि काही दिवसांत मृत्यू. शहरातून लोक पळू लागले. रेल्वेने माणसं आली-गेली आणि रोगही रुळांच्या वाटेने आत सरकत गेला. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडायचं आणि शेतात झोपड्या घालून राहायचं, ही रीत त्या काळातली. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘गाठीचा रोग’ हा शब्द येतो, तो याच साथीचा.

हाफकिन तेव्हा परत भारतात आले होते. सरकारने त्यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला पाठवलं. जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये : एक खोली आणि एक व्हरांडा. माणसं मिळाली चार : एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगची लस बनवायला घेतली.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. तो मोठ्या प्रमाणात वाढवायचा कसा? हाफकिन यांनी रस्सा भरलेल्या काचेच्या चंबूत तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांच्या खालून वाढत आणि वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत. चंबू हलवला की त्या पारंब्या गळून तळाशी बसत आणि वर नव्या धरत. असं पुन्हा पुन्हा करत काही आठवड्यांत भरपूर जंतू जमा होत. मग त्यांना उष्णता देऊन मारायचं आणि त्या मेलेल्या जंतूंची लस करायची. आपल्या घरातलं तूप इतक्या मोठ्या शोधात कामाला आलं, हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुन्हा तेच केलं. पहिली सुई स्वतःला. आणि तीही साधी नाही, नंतर लोकांना देण्यात आलेल्या मात्रेच्या कितीतरी पट जास्त. जबर ताप चढला, टोचलेली जागा सुजली, दुखली. पण ते काम करत राहिले.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आलं आणि जवळपास निम्मे कैदी लस घ्यायला पुढे आले. एकच इमारत, एकच अन्न, एकच पाणी, फरक फक्त लशीचा. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यातले ६ गेले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, एकही गेला नाही. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात घराघरातल्या माणसांचे दोन गट करून असाच पडताळा घेतला. लस घेतलेल्या ७१ जणांत ३ मृत्यू, न घेतलेल्या ६४ जणांत २६. शिक्षक मित्रांनो, तुलनेचा गट म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

या दोन्ही आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते, तीही मुलांना स्पष्ट सांगावी. लस घेतलेल्यांतही काहींना रोग झालाच. लस म्हणजे चिलखत नाही की बाण लागणारच नाही. ती मरणाची शक्यता खूप कमी करते. एवढं खरं सांगितलं की पुढे कोणी लस घेऊनही आजारी पडला तर मुलाचा विश्वास ढळत नाही.

तो ताप कशाचा होता?

इथे थोडं थांबू. हाफकिन यांना ताप का आला? लशीतले जंतू तर मेलेले होते.

हाच प्रश्न पालक आजही विचारतात. लस दिली आणि पोराला ताप आला, मग लस वाईट नाही का? उत्तर त्यांच्या गुरूंनी दाखवलेल्या जंतूभक्षक पेशींपासून सुरू होतं. या पेशी जंतूला गिळतात, पण गिळून गप्प बसत नाहीत. त्या आरोळी देतात. गावात रात्री चोर शिरला की पहिला माणूस ओरडतो, मग दुसरा थाळी वाजवतो, मग सगळी आळी जागी होते, तसंच. फक्त पेशीची आरोळी आवाजाची नसते, ती प्रथिनाची असते. पेशी अतिशय थोड्या प्रमाणात काही लहान प्रथिनं बाहेर सोडते. ती रक्तातून, ऊतींमधून दुसऱ्या पेशींपर्यंत जातात आणि तिथल्या ठरावीक कुलपात किल्ली बसावी तशी बसतात. निरोप पोचतो. या निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन ही त्यातलीच नावं.

काही निरोप मेंदूपर्यंत जातात आणि मेंदू शरीराचं तापमान वाढवतो. तो ताप. काही निरोपांमुळे टोचलेल्या जागी रक्तपुरवठा वाढतो आणि जास्त पेशी जमतात. ती सूज. काही निरोप दुसऱ्या पेशींना प्रतिपिंडं बनवायला आणि शत्रूची ओळख लक्षात ठेवायला लावतात. तीच रोगप्रतिकारशक्ती. म्हणजे १० जानेवारीच्या त्या दिवशी हाफकिन यांच्या शरीरात हजारो निरोप सुटले होते. त्यांना ताप दिसत होता, निरोप दिसत नव्हते. निरोपे सापडायला अजून साठ वर्षं जायची होती. पहिलं इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी शोधलं.

पण एक अडचण राहिली. शरीरात ही प्रथिनं इतकी थोडी असतात की अभ्यासाला पुरतील एवढी मिळवायला ढीगभर रक्त लागायचं. यावर तोडगा निघाला तो जैवतंत्रज्ञानाने. माणसाच्या पेशीतला, ते प्रथिन कसं बनवायचं हे सांगणारा जनुक घ्यायचा आणि तो एखाद्या निरुपद्रवी जिवाणूत बसवायचा. जिवाणू वाढतो आणि माणसाचं प्रथिन बनवत राहतो. ते वेगळं काढायचं, शुद्ध करायचं, वाळवायचं आणि छोट्या बाटलीत भरून थंड ठेवायचं. हेच पुनःसंयोजित मानवी प्रथिन. बाटलीत ते इतकं कमी असतं की मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. कधी कधी तर बाटली रिकामीच दिसते. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर लिहिलेलं असतं की हे फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी, माणसाला देण्यासाठी नाही. बशीत वाढवलेल्या पेशींवर त्याचा थेंब टाकून बघतात की पेशी काय करतात. अशाच अभ्यासातून औषधं जन्मतात. कोरोनाच्या काळात ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द टीव्हीवर घरोघरी पोचला होता. म्हणजे हेच निरोप गरजेपेक्षा फार जास्त सुटले आणि आळीने चोराऐवजी स्वतःचीच घरं मोडायला घेतली. त्या वेळी इंटरल्यूकिन-६ या निरोपाला अडवणारं औषध काही रुग्णांना देत होते, हे अनेकांना आठवत असेल.

एक गंमत लक्षात घ्या. हाफकिन यांनी चंबूत तुपाखाली जंतू वाढवले ते माणसाला वाचवण्यासाठी. आजचे शास्त्रज्ञ टाकीत जिवाणू वाढवतात तेही त्याचसाठी. जंतूलाच कामाला लावायची युक्ती जुनीच आहे.

लोकांचा राग आणि लोकांचा विश्वास

१८९७ हे वर्ष महाराष्ट्राला विसरता येणार नाही. साथरोगाचा कायदा त्याच वर्षी आला. पुण्यात प्लेग आटोक्यात आणण्यासाठी सैनिक घरात घुसले, देवघरं, स्वयंपाकघरं तुडवली गेली, माणसांना ओढून छावण्यांत नेलं. त्या संतापातून २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. त्याआधी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. हाफकिन यांनी मुंबईत स्वतःला सुई टोचून घेतली त्याला तेव्हा दोन महिनेच झाले होते. लस जन्मली होती, पण गावोगावी पोचली नव्हती.

हाफकिन यांचं वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसतं. त्यांचा मार्ग जबरदस्तीचा नव्हता. आधी स्वतः घ्यायची, मग जो तयार होईल त्याला द्यायची, आकडे सगळ्यांसमोर ठेवायचे. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी त्यांना माझगावची आपली इमारत प्रयोगशाळेसाठी दिली आणि लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. ते पाहून त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढे आले. आपल्या माणसाने पुढे होऊन केलं की लोक ऐकतात, हे शाळेत काम करणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. एक खोली आणि व्हरांडा इथून सुरू झालेलं काम गव्हर्नरांच्या वाड्यात पोचलं. देशभर आणि देशाबाहेरही लस जाऊ लागली.

मलकवालची बाटली

आणि मग घात झाला.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकवाल गाव. (आपलं मलकापूर नव्हे, हे गाव आज पाकिस्तानात आहे.) त्या दिवशी १०७ लोकांना लस टोचली. पाच बाटल्या उघडल्या होत्या. काही दिवसांनी १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ जण गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन. बाकी चार बाटल्यांतल्या लशीने कोणालाही काही झालं नाही.

१९ घरांत माणूस गेला, हे आधी लक्षात ठेवायचं. शास्त्रज्ञाची बाजू सांगताना आपण त्या घरांना विसरू नये. राग येणं स्वाभाविक होतं आणि चौकशी तर व्हायलाच हवी होती.

सरकारने आयोग नेमला. आयोगाचं मत पडलं की बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली. आधी लशीत कार्बोलिक ॲसिड घालत असत, हाफकिन यांनी लस जास्त प्रमाणात बनवता यावी म्हणून ते घालणं बंद करून फक्त उष्णतेवर भर दिला होता, यावर बोट ठेवण्यात आलं. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर केलं गेलं. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. वर्तमानपत्रांत नाव बदनाम झालं. ज्या माणसाने दोनदा स्वतःच्या अंगावर प्रयोग केला तो निष्काळजी ठरला.

पण कागद नीट वाचणारे लोकही जगात असतात. चौकशीच्या कागदपत्रांत एक साधी नोंद होती. मलकवालला बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक न करता फक्त औषधाच्या पाण्यात हलवून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू कुठे असतात? मातीत. शिवाय ती लस भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू मुंबईतच आत गेले असते तर एवढ्या दिवसांत ते बाटलीत माजले असते आणि बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. आणि कार्बोलिकचं म्हणाल, तर लशीत घालतात तेवढ्या थोड्या मात्रेने धनुर्वाताचे चिवट बीजाणू सहजासहजी मरत नाहीत.

हे सगळं उघड झालं ते कागदपत्रं प्रसिद्ध झाल्यावर. हिवताप डासांमुळे पसरतो हे दाखवून नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस पुढे सरसावले. त्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये लिहिलं. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी सह्या करून सांगितलं की हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध झालेला नाही. फ्रान्समधल्या ड्रायफस या ज्यू सैनिकी अधिकाऱ्यावर खोटा आरोप ठेवून त्याला शिक्षा झाली होती, त्याची आठवण तेव्हा अनेकांना झाली. त्याच वर्षअखेर सरकारने हाफकिन यांना परत बोलावलं आणि ते कलकत्त्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून आले.

न्याय मिळाला का? अर्धा. नवीन लशी माणसांवर तपासायची परवानगी त्यांना मिळाली नाही. परळची जागाही परत मिळाली नाही. आयुष्यातली उमेदीची वर्षं कागदी लढाईत गेली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते निवृत्त झाले आणि युरोपला परतले.

शेवटची वर्षं

हाफकिन यांनी लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर ते फ्रान्समध्ये आणि शेवटी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात राहिले. तरुणपणी ज्या धर्मासाठी त्यांनी प्राध्यापकी सोडली, त्या धर्माचं पालन ते उतारवयात निष्ठेने करत. आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक पाठशाळांसाठी ठेवली. म्हणजे शेवटी त्यांचा पैसाही शिक्षणाकडेच गेला.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं : हाफकिन इन्स्टिट्यूट. त्या वेळेपर्यंत मुंबईतून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान इथे त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

आपल्यासाठी काय?

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गोवर-रुबेलाची मोहीम राज्यभर शाळाशाळांतून राबवली गेली, ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मोबाइलवर काय काय फिरत होतं! ताप येतो, चक्कर येते, अमुक ठिकाणी असं झालं. पालकांची भीती खोटी नसते. आपलं लेकरू आहे म्हटल्यावर जीव वर-खाली होणारच. अशा वेळी त्यांना अडाणी ठरवून काही साधत नाही. ताप म्हणजे शरीराने दिलेली आरोळी आहे, तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण ताप फार चढला, अंगावर पुरळ उठलं, श्वास लागला तर लगेच डॉक्टरांकडे न्यायचं, असं दोन्ही बाजूंनी खरं सांगितलं तर पालक ऐकतात. आणि शक्य असेल तेव्हा गुरुजींनी, बाईंनी आपलं स्वतःचं मूल पहिल्या रांगेत उभं करावं. हाफकिन आणि आगाखान यांनी तेच केलं होतं.

दुसरी गोष्ट चिमट्याची. १९ माणसं मेली ती मोठ्या सिद्धांताच्या चुकीने नाही, जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करण्याने. प्रयोगशाळेत मुलांना आपण हात धुवा, नळी धुवा, पडलेली वस्तू पुन्हा वापरू नका, असं सांगतो तेव्हा मुलं कंटाळतात. त्यांना मलकवाल सांगा. पुन्हा सांगावं लागणार नाही.

आणि तिसरी गोष्ट आपली, मोठ्यांची. वर्गात काही तुटलं, हरवलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक मुलगा येतो. पुष्कळदा तोच असतो, पण दर वेळी नसतो. हाफकिन यांना निर्दोष ठरायला पाच वर्षं लागली आणि त्यांच्या बाजूने रॉस यांच्यासारखे लोक होते. आपल्या वर्गातल्या मुलाच्या बाजूने कोण असतं? नोंद वाचल्याशिवाय, दोन प्रश्न विचारल्याशिवाय शिक्षा करायची नाही, एवढं ठरवलं तरी पुष्कळ झालं.

वर्गात घेता येतील अशा कृती

१. भायखळा तुरुंग आणि उंढेरा गाव यांचे आकडे फळ्यावर लिहा. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत शेकडा किती मृत्यू झाले, ते उंढेराच्या आकड्यांवरून मुलांना काढू द्या. गणित आणि विज्ञान एकाच तासात होईल.

२. दहा मुलांना ओळीत उभं करा. पहिला ‘जंतूभक्षक पेशी’. त्याने चिठ्ठी दुसऱ्याला द्यायची, त्याने पुढे. प्रत्येक चिठ्ठीवर वेगळं काम : ताप आणा, सूज आणा, प्रतिपिंडं बनवा, शत्रू लक्षात ठेवा. चिठ्ठी म्हणजे सायटोकाइन. मग एकदम पन्नास चिठ्ठ्या वाटा आणि काय गोंधळ होतो ते पाहा. निरोप जास्त झाले की काय होतं, ते न सांगता कळेल.

३. घरातल्या आजी-आजोबांना विचारून या, असं सांगा : गाठीचा रोग, पटकी, देवी यांच्याबद्दल त्यांनी काय ऐकलं आहे? गाव सोडून शेतात राहिल्याची गोष्ट घरात कोणी सांगत असे का? मिळालेल्या आठवणी वहीत लिहून ठेवा. ही माणसं आहेत तोवरच हे मिळणार आहे.

४. मोठ्या मुलांसाठी चर्चा : मलकवाल प्रकरणात तुम्ही आयोगावर असता तर निकाल देण्याआधी कोणाकोणाला कोणते प्रश्न विचारले असते?

आपल्या शाळेत हा पाठ घेतला तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा. मुलांचे प्रश्न आपल्या उत्तरांपेक्षा पुष्कळदा चांगले असतात.